घरातली खाण आणि गटाचं कर्ज
(समुदाय रेडिओवरील भाषण)

मी नांदगावहून तुमची बचत गट समन्वयक बोलतेय.

खाण म्हटलं की आपल्या सिंधुदुर्गातल्या बाईच्या डोळ्यांपुढे काय येतं? जांभ्या दगडाची चिरेखाण, कासार्ड्याची सिलिका वाळू, नाहीतर रेडीचं लोहखनिज. खाणीचा हिशेब आपल्याला कळतो. चिरेखाणीवर माणसं दुप्पट लावली तर चिरेही दुप्पट निघतात. आज मी ज्या खाणीबद्दल बोलणार आहे तिथे हा हिशेब चालत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

मुंबईहून गणपतीला आलेला मुलगा किंवा पुतण्या हल्ली म्हणतो, ‘आई, घरात एक मशीन लावूया. रात्रंदिवस चालेल आणि बिटकॉइन खणून काढेल.’ याला ‘मायनिंग’ म्हणतात. मायनिंग म्हणजे खाणकाम. काही गटांत यासाठी कर्जाची विचारणाही झाली आहे. म्हणून आज या मशीनचा इतिहास सांगते. तो जुना नाही, २००८-०९ पासूनचाच आहे. पण तो नीट कळला तर गटाच्या बैठकीत काय विचारायचं ते आपोआप सुचेल.

आपली नोंदवही आणि त्यांची नोंदवही

आपल्या गटाचा कारभार नोंदवहीवर चालतो. कोणी किती बचत भरली, कोणाला किती कर्ज दिलं, किती परत आलं, हे बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. त्यामुळे एकटी कोषाध्यक्ष काही लपवू शकत नाही.

बिटकॉइन हीसुद्धा एक नोंदवहीच आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक लेख इंटरनेटवर आला. हे नाव कोणाचं, ते आजवर सिद्ध झालेलं नाही. त्या वर्षी अमेरिकेत मोठमोठ्या बँका कोसळत होत्या. लेखातली कल्पना अशी, की बँक नको आणि कोषाध्यक्षही नको. एकच नोंदवही जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर ठेवायची आणि सगळ्यांनी ती तपासायची. ३ जानेवारी २००९ रोजी या वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं.

आता कोषाध्यक्ष नाही, तर पुढचं पान लिहायचं कोणी? त्यासाठी शर्यत ठेवली. प्रत्येक पानाला जणू एक नंबरचं कुलूप असतं. कॉम्प्युटर नंबर लावून बघत राहतात. त्यात हुशारी लागत नाही, फक्त अंदाज मारत राहायचं. ज्याचा नंबर पहिला लागेल त्याने पान लिहायचं आणि बक्षीस म्हणून नवी नाणी घ्यायची. सुरुवातीला बक्षीस ५० बिटकॉइन होतं. या शर्यतीलाच मायनिंग म्हणतात.

यातले दोन नियम लक्षात ठेवा. पहिला नियम: दर १० मिनिटांना साधारण एकच पान उघडायचं. मशिनी वाढल्या की कुलूप आणखी अवघड होतं. दर २,०१६ पानांनी, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, हा फेरबदल आपोआप होतो. दुसरा नियम: साधारण चार वर्षांनी बक्षीस निम्मं होतं. २०१२ मध्ये ते २५ झालं, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५.

म्हणजे या खाणीत माणसं कितीही वाढली तरी चिरे तेवढेच निघतात, आणि चार वर्षांनी त्यातलेही निम्मे होतात. खणणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा तुकडा लहान होतो.

पहिली खाण घरातच होती

सुरुवातीला हे काम साध्या घरगुती कॉम्प्युटरवर होत असे. शर्यतीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक होते. अमेरिकेतले हॅल फिनी हे त्यांपैकी एक. जानेवारी २००९ मध्ये जगातला पहिला बिटकॉइन व्यवहार त्यांच्याशी झाला. सातोशीने त्यांना १० नाणी पाठवली. फिनींनी काही दिवस घरी नाणी खणली आणि मग बंद केलं. का, ते त्यांनी पुढे लिहून ठेवलंय: कॉम्प्युटर तापायचा आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा. उष्णता आणि आवाज ही घरातल्या मशीनची दोन दुखणी पहिल्या महिन्यातली आहेत. आजही पहिली तक्रार त्यांचीच असते.

तेव्हा या नाण्यांना किंमत नव्हती. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतल्या लास्झलो हान्येझ या प्रोग्रामरने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. ब्रिटनमधल्या न्यूपोर्ट गावच्या जेम्स हॉवेल्स यांची गोष्ट तर जगभर गाजली. २००९ मध्ये घरी खणलेल्या सुमारे ८,००० नाण्यांची चावी त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये होती. २०१३ मध्ये ती चुकून कचऱ्यात गेली. कचरा डेपो खणायची परवानगी मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षं नगरपालिकेशी भांडले. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने त्यांचा दावा फेटाळला. या खाणीत चावी हरवली की माल गेला. आपल्या बँकेत पासबुक हरवलं तर दुसरं मिळतं. इथे ती सोय नाही.

कॉम्प्युटरकडून मशीनकडे

२०१० मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं, की व्हिडिओ गेमसाठी कॉम्प्युटरमध्ये बसवतात ते ग्राफिक्स कार्ड हे अंदाज कितीतरी वेगाने मारतं. मग कार्डवाले पुढे गेले आणि साधे कॉम्प्युटरवाले मागे पडले. एकट्याचा नंबर लागेना. तेव्हा त्याच वर्षाच्या शेवटी चेक देशात पहिला ‘पूल’ निघाला. पूल म्हणजे आपल्यासारखा गटच. सगळ्यांनी मिळून खणायचं, कोणाचाही नंबर लागला तरी ज्याने जेवढं काम केलं त्या प्रमाणात वाटून घ्यायचं. आजही घरात मशीन लावणारा माणूस पूलमध्येच जातो.

२०१३ च्या सुरुवातीला चीनमधून ‘अ‍ॅव्हलॉन’ नावाची मशीन आली. तिची चिप दुसरं कुठलंच काम करत नाही, फक्त नंबर लावत बसते. अशा मशिनींना ‘एसिक’ म्हणतात. त्या आल्यावर वर्षभरातच घरातले कॉम्प्युटर आणि कार्डं बिटकॉइनसाठी निकामी ठरली.

मशीनला मागणी आली तशी मशीनच्या नावाने होणारी लुबाडणूकही आली. अमेरिकेतल्या बटरफ्लाय लॅब्स या कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे घेतले आणि मशिनी महिनोन्‌महिने पाठवल्याच नाहीत. ज्या पाठवल्या त्या पोचेपर्यंत जुन्या झाल्या होत्या, असा तिच्यावर आरोप होता. तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाने २०१४ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०१६ मध्ये तडजोड झाली. आपल्याकडे आगाऊ पैसे देऊन भाताचं बियाणं घेतलं आणि ते आवणीनंतर मिळालं, तर काय उपयोग? तसंच हे.

मशीन लावायची तर काय लागतं

२०१६ मध्ये बीजिंगच्या बिटमेन कंपनीची ‘अँटमायनर एस-९’ ही मशीन आली. ती जगभर गाजली आणि आज जुन्या बाजारात सर्वांत स्वस्त मिळते. मुलगा ‘स्वस्तात मिळतेय’ म्हणतो तेव्हा बहुतेक हीच असते. म्हणून तिचंच उदाहरण घेऊन सांगते.

मशीन लहान दिसते, चपलांच्या खोक्याएवढी, वजन चार-साडेचार किलो. आत तीन बोर्ड, त्यांवर मिळून १८९ चिपा, पुढेमागे दोन पंखे. सेकंदाला सुमारे १४ लाख कोटी अंदाज मारते. वीज खाते सुमारे १,३५० वॅट. म्हणजे आपले ७५ वॅटचे १८ पंखे एका वेळी चालू ठेवले तर जेवढी लागेल तेवढी. तीही दिवसरात्र.

ही मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर करंट सतत ओढते. मोबाईल चार्जरचा साधा सॉकेट ६ अँपिअरचाच असतो. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेऊन दिवसभर चालल्यासारखं होतं ते. सॉकेट काळा पडतो, वायर तापते, प्लास्टिक जळल्याचा वास येतो. म्हणून १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट, मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि खात्रीचं अर्थिंग लागतं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं. जुन्या कौलारू घरातल्या वायरिंगवर हा भार टाकायचा नाही.

त्यानंतर इंटरनेटची केबल लावायची, मशीनचं पान कॉम्प्युटरवर उघडायचं, त्यात पूलचा पत्ता आणि आपल्या खात्याचं नाव भरायचं. इथे एक गोष्ट तपासावी. जुनी मशीन विकणाऱ्याने त्यात स्वतःचं खातं तसंच ठेवलेलं असू शकतं. मग वीज आपली आणि कमाई त्याची. मशीन आल्यावर आधी सगळी जुनी सेटिंग पुसून टाकायची आणि पासवर्ड बदलायचा.

बिघाड बहुतेक ठरलेलेच असतात. तीन बोर्डांपैकी एक दिसेनासा होतो. तसं झालं तर मशीन बंद करून, प्लग काढून, केबल नीट बसवून बघायची. पंखा अडकतो किंवा मंद फिरतो, तेव्हा मशीन तापून आपोआप बंद पडते. पंखा बदलावा लागतो. जाळीत धूळ बसते, ती ब्लोअरने काढायची. ओल्या फडक्याने कधीच पुसायची नाही. दिवा लाल लागला तर आधी इंटरनेटची केबल बघायची, मग पंखे, मग तापमान. आणि व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर सगळ्यात आधी पॉवर सप्लाय जातो.

आता हे सगळं आपल्या हवेत ठेवून बघा. कंपनी सांगते, की खोलीचं तापमान ४० अंशांच्या आत हवं. पत्र्याच्या मांगरात एप्रिल-मे महिन्यात दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मालवण किनाऱ्याचा खारा, दमट वारा लोखंडी खिळा गंजवतो, तो बोर्डावरच्या बारीक टाक्यांना सोडेल का? पावसाळ्यात पाली आणि मुंग्या उबेला येऊन बसतात आणि बोर्ड शॉर्ट होतो. लाईट जाते ते वेगळंच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्या जिल्ह्यात किती गावं कित्येक दिवस अंधारात होती, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. मशीन ८५० व्हीएच्या घरगुती इन्व्हर्टरवर चालवू म्हटलं, तर त्याला हा भारच पेलत नाही.

आणि आवाज. ७५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे घरात मिक्सर सतत चालू ठेवल्यासारखा. आता विचार करा, घरात दिवसभर कोण असतं? मुलगा मुंबईला परत जातो. आवाज, उष्मा, जळका वास आणि लाल दिवा हे सगळं आईच्या आणि आजीच्या वाट्याला येतं. अभ्यास करणाऱ्या मुलीच्या वाट्याला येतं. मशीनची देखभाल हेही घरातल्या बाईचंच आणखी एक न मोजलेलं काम होऊन बसतं.

पुण्यात घडलेलं

काही जणांनी विचार केला, की मशीन घरात नकोच. कंपनी तिकडे लांब मशिनी चालवेल, आपण फक्त पैसे द्यायचे आणि दर महिन्याला वाटा घ्यायचा. आपल्या महाराष्ट्राला सगळ्यांत मोठा फटका बसला तो इथेच.

२०१५ च्या सुमारास अमित भारद्वाज आणि त्यांच्या साथीदारांनी ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना आणली. सांगितलं असं, की तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, आम्ही मायनिंग करतो आणि १८ महिने दरमहा १० टक्के देतो. माणसं जोडली तर वर कमिशन. पुणे, नांदेड, कोल्हापूरपर्यंत लोक यात आले. २०१७ मध्ये परतावा अडला. बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं कंपनीचं स्वतःचंच नाणं लोकांच्या हाती दिलं गेलं. त्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नुसत्या २०१७ च्या दराने मोजलं तरी लोकांकडून ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा केले गेले, असं ईडीचं म्हणणं आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात ६० हून जास्त ठिकाणी झडत्या झाल्या, त्यांत पुणे, नांदेड आणि कोल्हापूरही होतं.

आता मघाचे दोन नियम आठवा. खणणारे वाढले की वाटा लहान होतो. चार वर्षांनी बक्षीस निम्मं होतं. जुलै २०१६ मध्ये, ही योजना जोरात असताना, बक्षीस २५ वरून १२.५ वर आलं. जगातली प्रत्येक खाण त्या दिवशी निम्मी झाली. मग दरमहा १० टक्क्यांचं वचन तसंच कसं राहील? खऱ्या खाणीचं उत्पन्न रोज बदलतं. ते कधीच ठरलेल्या हप्त्यासारखं येत नाही. ठरलेला टक्का कोणी सांगितला, की तिथेच थांबावं.

आपल्या लोकांनी हा प्रकार दुसऱ्या रूपातही पाहिलाय. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरहून कडकनाथ कोंबडीपालनाचं प्रकरण उघडकीला आलं. कंपनीने पक्षी विकले, अंडी आणि कोंबड्या परत घेऊ म्हणून सांगितलं, आणि नंतर शेतकरी पक्षी घेऊन बसले, अशा तक्रारी झाल्या. कोंबडी खरी होती, बिटकॉइनही खरा आहे. पण विकणाऱ्याचा पैसा आपल्याकडूनच येत असतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी.

कार्डांची लाट आली आणि गेली

बिटकॉइनखेरीज ‘इथेरियम’ नावाचं दुसरं नाणं आहे. ते ग्राफिक्स कार्डावर खणता येत होतं. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये शहरांतल्या मुलांनी सहा-सहा, आठ-आठ कार्डं एका चौकटीत बसवून घरात मायनिंग केलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग घेऊन पोरं स्वतः जोडणी शिकली. त्या काळात काहींना पैसे मिळाले, हे खरं आहे. ते नाकारायचं कारण नाही.

पण १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खणण्याची पद्धतच बंद केली. पानं लिहायची दुसरी रीत आणली, त्यामुळे त्याचा विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाला. नाणं चालू राहिलं, खाण बंद झाली. कर्ज काढून कार्डं घेतलेल्यांच्या हातात फक्त कार्डं राहिली. नियम कुठे ठरतो आणि फटका कुठे बसतो, यातलं अंतर बघा.

बिटकॉइनची खाणही घरातून निघून गेली. आता ती हजारो मशिनींच्या गोदामांत चालते, जिथे वीज अगदी स्वस्त मिळते. २०२१ मध्ये चीनने मायनिंगवर बंदी घातली तेव्हा या गोदामांचा मोठा भाग अमेरिका, कझाकस्तान अशा देशांत गेला. स्वस्त विजेच्या मागे खाण पळते. आपल्या गावात वीज स्वस्त आहे का?

गटापुढे आलेला अर्ज

आमच्याकडच्या एका गटात एका ताईने २५,००० रुपयांचं कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं: ‘मुलासाठी मायनिंग मशीन आणि वायरिंग’. मुलगा आयटीआय झालेला, समजूतदार. गटाने त्याला बैठकीला बोलावलं. त्याने सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. गटातल्या सर्वांत वयस्कर काकींनी एकच प्रश्न विचारला, ‘पैसे खयसून येतत?’ तो म्हणाला, नवी नाणी पडतात, त्यातला वाटा मिळतो. काकी म्हणाल्या, ‘मगे तो आपली मशीन इकता कित्याक?’

मग सगळ्यांनी मिळून नोंदवहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तोच तुम्हाला सांगते.

मशीन १,३५० वॅट. दिवसाला २४ तास. म्हणजे रोज ३२.४ युनिट, महिन्याला ९७२ युनिट. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटचा असतो, त्यापुढे दर चढत जातो. हिशेबाला सोपं म्हणून सरसकट १० रुपये युनिट धरलं, तर रोजचे ३२४ रुपये आणि महिन्याचे ९,७२० रुपये झाले.

आता कमाई. २०२४ च्या मध्यावर जगभरातल्या मशिनींचा एकूण वेग एवढा होता, की ४ कोटी २० लाख एस-९ एका वेळी चालाव्यात. दिवसाला पानं १४४, प्रत्येकाचं बक्षीस ३.१२५, म्हणजे जगात रोज ४५० नवे बिटकॉइन. एका नाण्याचे ५० लाख रुपये धरले आणि ४ कोटी २० लाखांत वाटले, तर आपल्या मशीनच्या वाट्याला रोज ५०-६० रुपये आले. ३२४ घालायचे आणि ५०-६० मिळवायचे.

एक जण म्हणाली, पूल नको, एकट्याने खेळू, नंबर लागला तर सगळं बक्षीस आपलं. वर्षाला ५२,५६० पानं उघडतात. ४ कोटी २० लाखांना त्याने भागा. नंबर लागायला सरासरी ८०० वर्षं लागतील.

मुलाने विचारलं, नवी मशीन घेतली तर? तोही हिशेब केला. ‘एस-२१’ नावाची मशीन चौदापट वेगवान आहे, पण ती ३,५०० वॅट खाते, म्हणजे जवळजवळ पाच एचपीचा पंप दिवसरात्र चालू. रोज ८४ युनिट, ८४० रुपये. कमाई त्याच दराने साडेसातशेच्या आसपास. आणि मशीनची किंमत लाखांत. छतावर सोलर लावू म्हटलं, तर तीन किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी १२ युनिट देतं, आणि आपल्या पावसाळ्यात त्याहून कमी. जुन्या मशीनलाच ३२ हवेत.

बिटकॉइनचा भाव वर-खाली होतो, हे खरं. डिसेंबर २०१७ मध्ये तो २०,००० डॉलरच्या जवळ गेला आणि वर्षभरात चार हजारांच्या खाली आला. भाव वाढला की कमाई वाढते, पण त्याचबरोबर खणणारेही वाढतात आणि कुलूप पुन्हा अवघड होतं.

ताईने स्वतःच अर्ज मागे घेतला. मुलगा अजून थोडा घुश्शात आहे. पण त्या निमित्ताने लोड आणि अर्थिंगचा त्याने जो अभ्यास केला होता, त्यातून गटाच्या मिरची कांडपाच्या मशीनचं अर्थिंग बरोबर नाही, हे त्यानेच दाखवून दिलं. ते आता दुरुस्त झालंय.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट बोलली गेली. कर्ज बाईच्या नावावर असतं, मशीन मुलाच्या नावावर. हप्ता चुकला तर ताईची पत जाते, आणि तिच्या मागे गटातल्या बाकीच्या बायांची. बँकेकडे गटाची पत एकच असते.

कायदा काय म्हणतो

भारतात बिटकॉइन बाळगणं गुन्हा नाही, पण तो रुपयासारखं कायदेशीर चलनही नाही. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका ठिकाणचा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्चही नाण्याची खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही, असं सरकारने २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. विजेचंही तसंच. ज्या कामासाठी जोडणी घेतली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर २००३ च्या विद्युत कायद्यात तो अनधिकृत वापर धरतात. म्हणून घरगुती मीटरवर असं काही चालवण्याआधी महावितरणला विचारावं.

आणि मोबाईलवरची ‘मायनिंग अ‍ॅप’. आपल्यापर्यंत मशीनपेक्षा हीच जास्त पोचतात. फोनवर खाणकाम करणाऱ्या अ‍ॅपना गुगलने आपल्या प्ले स्टोअरवर २०१८ मध्येच बंदी घातली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकने कोणी असं अ‍ॅप टाकायला सांगितलं, आकडा वाढताना दाखवला आणि ‘पैसे काढायला आधी इतके भरा’ म्हटलं, तर एक पैसाही भरू नका. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, मुलांना नवं काही शिकावंसं वाटतं, ते शिकू द्या. या मशिनींमुळे कितीतरी पोरं वीज, नेटवर्क, दुरुस्ती शिकली आहेत. पण गटाचा पैसा मागायला कोणी आलं, मग ती खाण असो, कोंबडी असो की आणखी काही, तर हे पाच प्रश्न नोंदवहीत लिहून घ्या आणि उत्तरंही लिहा.

१. पैसे खयसून येतत? माल विकून, की नवी माणसं जोडून?
२. परतावा ठरलेला टक्का आहे का? असेल तर तो कसा ठरला?
३. मशीनच्या पाटीवर वॅट किती? गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे युनिट. महिन्याचं बिल किती येईल?
४. बिघडली तर दुरुस्त कोण करणार, कुठे आणि किती दिवसांत?
५. कर्ज कोणाच्या नावावर, वस्तू कोणाच्या नावावर, आणि दिवसभर ती सांभाळणार कोण?

या प्रश्नांना कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. चौथी शिकलेली बाईसुद्धा तिसऱ्या प्रश्नाचा गुणाकार करू शकते. ज्या गटांना हिशेब मांडायला मदत हवी असेल त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीत मशीनच्या पाटीचा फोटो आणि घरचं एक वीजबिल घेऊन या, आपण मिळून करू.